तक्रार नाही, म्हणजे त्रास नाही?



आयोजकांनी विषय कळवला तेव्हा आम्ही त्यांना उलट फोन करून विचारलं, की पत्ता चुकला नाही ना? वृद्धांची शुश्रूषा आणि त्यांच्या अवस्थेचं मूल्यमापन यावर बोलायला एखाद्या परिचारिकेला बोलवावं, निदान डॉक्टरला. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर काय बोलणार? ते म्हणाले, "सर, तुम्ही आता वृद्ध आहातच." (हशा) म्हणजे एक अधिकार तर सिद्ध झाला. दुसरा असा, की आम्ही ३४ वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं केव्हा म्हणावं आणि कशाच्या जोरावर म्हणावं, याचा विचार म्हणजे प्रमाणशास्त्र. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी उभं राहिलं की पहिला प्रश्न नेमका हाच असतो: याला काय होतंय, हे आपल्याला कळणार कसं? आणि तिसरा अधिकार म्हणजे आमच्या हातून झालेली एक चूक. तिथूनच सुरुवात करतो.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची आई तेव्हा ८४ वर्षांची होती. एका पहाटे ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. पण त्यानंतरच्या दुसऱ्या रात्री आई आम्हाला ओळखेना. कधीच वारलेल्या आमच्या वडिलांना ती हाका मारू लागली, सलाईनची नळी उपटू लागली, पांघरुणावरून न दिसणाऱ्या मुंग्या वेचू लागली. सकाळी पाहावं तर एकदम गप्प, डोळे मिटून पडलेली. हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. एक नातेवाईक म्हणाले, वात झालाय. दुसरे म्हणाले, या वयात भूल सोसत नाही, आता हे असंच चालायचं. आणि आम्ही? आम्ही म्हणालो, "वय झालं." वर सिस्टरना म्हणालो, काहीतरी झोपेचं इंजेक्शन द्या हो, तिचे हाल बघवत नाहीत. म्हणजे बघा, हाल तिचे, आणि औषध आमच्या न बघवण्यावर.

रात्रपाळीच्या त्या सिस्टर आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. इंजेक्शनला त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, पडायच्या आदल्या दिवशी आजी कशा होत्या?"

"चांगल्या होत्या. काही तक्रार नव्हती."

"तक्रारीचं नाही विचारत. दिवसभर काय काय करत होत्या?"

आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. एका घरात राहत होतो. रोज सकाळी चहाच्या वेळी "बरं आहे ना?" विचारत होतो, "बरं आहे" हे उत्तर ऐकत होतो. उत्तर आमच्या सौभाग्यवतींनी दिलं. देवपूजा स्वतः करतात, भाजी निवडतात, दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, संध्याकाळी गॅलरीत चार फेऱ्या. सिस्टर म्हणाल्या, "मग हे म्हातारपण नव्हे. परवा कोडं सोडवणारं माणूस वयामुळे आज मुंग्या वेचत नाही. काहीतरी झालंय, ते शोधू."

शोधायला त्यांना फार तर पंधरा मिनिटं लागली. चष्मा कुठाय? सौंच्या पर्समध्ये. कानाचं मशीन? घरी कपाटात; दवाखान्यात हरवेल म्हणून आम्हीच काढून ठेवलेलं. शौच कधी झालं? कोणालाच आठवेना, चार दिवस झाले असावेत. कॅथेटर सकाळी काढलाय, त्यानंतर लघवी? सगळे एकमेकांकडे बघू लागले. सिस्टरनी ओटीपोटावर हात ठेवला, ते फुगलेलं होतं. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा नळी घातली आणि पाऊण लिटर लघवी बाहेर आली. मग त्यांनी केसपेपर उघडला. वेदनाशामकापुढे लिहिलं होतं, 'लागल्यास द्यावे'. आईने मागितलं नव्हतं, म्हणून लागलं नव्हतं, म्हणून दिलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलेल्या ८४ वर्षांच्या बाईला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापासून एकही गोळी मिळाली नव्हती. कारण काय, तर तिची तक्रार नव्हती.

आमची आई तक्रार करणाऱ्यांतली नव्हतीच. सहा बाळंतपणं, त्यातली चार घरी. दुखतंय असं म्हणणं तिला कमीपणाचं वाटायचं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? होतं. पण 'तक्रार नाही' यावरून आम्ही 'त्रास नाही' असं अनुमान केलं. वर्गात एखाद्या मुलाने हे अनुमान केलं असतं तर आम्ही त्याला उभं केलं असतं.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, थोडंच.

'जमिनीवर घडा नाही' हे आपल्याला कसं कळतं? घडा आहे हे डोळ्यांना दिसतं. घडा 'नाही' हे कशाने दिसतं? यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. नैयायिक म्हणाले, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती म्हणाले, नाही, यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानायला हवं. त्याचं नाव अनुपलब्धी. दिसत नाही, म्हणून नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि आजच्या विषयाचं मर्म त्या अटीत आहे. नुसती अनुपलब्धी चालत नाही, 'योग्य' अनुपलब्धी हवी. म्हणजे काय? घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर 'घडा नाही' असं म्हणता येत नाही. 'दिसत नाही' एवढंच म्हणता येतं. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनीही हाच मुद्दा त्यांच्या पद्धतीने मांडला. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच नाही असं सिद्ध होत नाही, कारण ते असतं तरी दिसण्याजोगं नसतं.

आता म्हातारं शरीर ही अंधारी खोली आहे असं समजा. तरुण शरीर बोलकं असतं. न्यूमोनिया झाला की ताप फणफणतो, हृदयाला इजा झाली की छातीत कळ येते, पाणी कमी पडलं की तहान लागते. म्हातारपणी या खुणा विझत जातात. मोठा संसर्ग असूनही ताप पुष्कळदा चढत नाही. मुळात वृद्धांचं रोजचं तापमानच थोडं कमी असतं, त्यामुळे थर्मामीटरवर ९९.५ दिसलं की आपण म्हणतो, किरकोळ आहे. रोजचं ९७ असणाऱ्या आजींना ते किरकोळ नाही. नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश फॅरेनहाइट वाढ झाली तर वृद्धांच्या बाबतीत तो ताप समजावा, असं संसर्गतज्ज्ञ सांगतात. पण त्यासाठी 'नेहमीचं' किती हे कोणीतरी आधी मोजून ठेवलेलं हवं. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, जेवण नकोसं होतं. आणि तहान? १९८४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी तरुण आणि निरोगी वयस्क पुरुषांना २४ तास पाणी दिलं नाही. पाण्याची गरज वयस्कांनाही होती, पण तहान त्यांना कमी लागली आणि नंतर पाणी समोर ठेवल्यावरही ते कमी प्यायले. तेव्हा 'बाबा, पाणी हवंय का?' 'नको' हा संवाद पुरावा म्हणून कुचकामी आहे. पेला हातात द्यावा लागतो, आणि दिवसभरात किती पेले रिकामे झाले ते मोजावं लागतं.

मग म्हाताऱ्या शरीरात आजार दिसतो कुठे? वागण्यात. चालणारं माणूस चालेनासं होतं, खाणारं खाईनासं होतं, शुद्धीतलं माणूस बरळू लागतं, कोरडं राहणारं माणूस अंथरूण ओलं करू लागतं, न पडणारं माणूस पडतं. आजार मूत्रमार्गात असतो आणि दिसतो पायांत. म्हणून चांगली परिचारिका अवयवांच्या आधी दिनक्रम विचारते. आमच्या सिस्टरनी तेच केलं.

आईला जे झालं होतं त्याला डिलीरियम म्हणतात. आपला 'वात झाला' हा शब्द वाईट नाही, पण आपण तो निदान म्हणून न वापरता निकाल म्हणून वापरतो. डिलीरियम ओळखण्याची सोपी पद्धत शॅरन इनूये या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. चार गोष्टी बघायच्या. बदल एकाएकी आला का आणि तो दिवसभरात कमीजास्त होतो का? लक्ष टिकतं का? बोलण्यात विस्कळीतपणा आहे का? जागेपणाची पातळी बदललीय का, म्हणजे अति सावध किंवा गुंगीत? पहिल्या दोन हव्यातच, उरलेल्या दोहोंपैकी एक पुरते. लक्ष टिकतं का हे बघायला यंत्र लागत नाही; वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार. आणि एक लक्षात ठेवा. रात्री ओरडणाऱ्या आईकडे सगळे धावले. दिवसा गप्प पडलेल्या आईला सगळे म्हणाले, चला, आता शांत झाली. ती शांत नव्हती, तोच आजार होता. गप्प रुग्ण वॉर्डात फार लोकप्रिय असतो, आणि म्हणून तो हुकतो.

आता दुसरं प्रमाण, शब्द. न्यायदर्शनात शब्द म्हणजे आप्ताचं वचन. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो, आणि दवाखान्यात सगळी माहिती या आप्तांकडूनच घेतली जाते. पण न्यायभाष्यकार वात्स्यायनांचा आप्त वेगळा. त्या गोष्टीचं ज्याला साक्षात ज्ञान आहे आणि जसं आहे तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन पुढे असंही सांगतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. म्हणजे जानवं बघून आप्त ठरत नाही, आणि आडनाव जुळतं म्हणूनही नाही.

हे लक्षण आमच्या खाटेभोवती लावून बघा. मुलाला सांगायची इच्छा आहे, पण ज्ञान नाही. आईला ज्ञान आहे, पण सांगायची इच्छा नाही. सुनेला ज्ञान आहे, पण सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर सांगावं की नाही, हा संकोच आहे. आणि ज्या मावशी सकाळी अंग पुसून देतात, ज्यांनी पाठीवरचा लाल चट्टा सगळ्यांत आधी पाहिलाय, त्यांना कोणी विचारतच नाही. मूल्यमापन करायचं म्हणजे या चौघांनाही विचारायचं, आणि वेगवेगळं विचारायचं. पहिला प्रश्न मात्र खाटेवरच्या माणसाला, त्याच्याकडे बघून. "आजींना भूक लागते का हो?" असं आजींच्या डोक्यावरून मुलाला विचारणं ही वागण्यातली चूक आहेच, माहिती गोळा करण्यातलीही आहे. एकट्याने विचारण्याला आणखी एक कारण आहे. घरात कोणी हात उगारतं का, पेन्शनचे पैसे कोण ठेवतं, हे मुलासमोर कोणती आई सांगेल? नातेवाइकांना "जरा चहा घेऊन या" म्हणून पाठवणाऱ्या सिस्टर काय करत असतात हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. (अशा वेळी वापरण्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, लिहून ठेवा.)

विचारायचं कसं, यातही गोम आहे. "दुखतंय का?" यावर आमच्या आईचं उत्तर ठरलेलं, नाही. सिस्टरनी विचारलं, "अवघडलंय का? ठणकतंय? हलवलं की कळ येते?" तेव्हा आई म्हणाली, "कळ येते, पण ती येणारच." दुखणं हा शब्द तिच्या शब्दकोशात बाळंतपणासाठी राखून ठेवलेला असावा! "लघवीवर ताबा आहे का?" या प्रश्नाला जगात कोणी खरं उत्तर देत नाही. "रात्री किती वेळा उठता? पोचेपर्यंत घाई होते का?" याला देतात. "पडलात का?" ला नाही, "भिंत धरावी लागते का?" ला हो. आणि ज्यांना बोलताच येत नाही, स्मृतिभ्रंश पुढे गेलेला आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी २००३ साली एक लहानशी पट्टी तयार झाली. श्वास कसा चाललाय, कण्हणं आहे का, चेहरा आक्रसलाय का, शरीर ताठलंय का, हात धरून बोललं तर शांत होतात का. या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. अंग पुसताना, कूस बदलताना बघायचं, कारण स्वस्थ पडलेल्या माणसाचं दुखणं स्वस्थ पडलेलं असतं.

हे सगळं शास्त्र फार जुनं नाही. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे शेजारच्या जुन्या गरीबगृहाचा (वर्कहाउसचा) दवाखाना सोपवला गेला. सातशेहून अधिक खाटा, बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणात, 'असाध्य' म्हणून ठेवलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, उठवलं, बसवलं, चालवलं. कितीतरी जण घरी गेले. त्यांना अंथरुणात ठेवणारी गोष्ट पुष्कळदा आजार नव्हती. कोणी तपासलंच नव्हतं, ही होती. आमच्या तोंडचं 'वय झालं' हे वाक्य तिथे सातशे खाटांवर पसरलं होतं.

मग मोजपट्ट्या आल्या. १९६३ साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा गोष्टींची यादी केली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून खुर्चीत जाणं, मलमूत्रावर ताबा, आणि जेवण. त्यांचे बरेचसे रुग्ण आईसारखेच खुब्याचं हाड मोडलेले होते. त्यांच्या लक्षात आलं की बरं होताना या क्रिया साधारण ज्या क्रमाने परत येतात, तो क्रम लहान मूल त्या शिकतं त्याच्याशी जुळतो. आम्हाला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. कॅट्झ विचारतात, माणूस हे 'करतो' का? 'करू शकतो' का, असं नाही. येत असूनही करायला नकार देणारा माणूस त्यांच्या लेखी न करणारा. ॲरिस्टॉटलचे अभ्यासक इथे कान टवकारतील; शक्ती वेगळी आणि तिचा व्यापार वेगळा. पण परिचारिकेने तिथे थांबून चालत नाही. करत नाही, तर का करत नाही? येत नाही म्हणून, की कोणी करू देत नाही म्हणून? आमच्याकडे प्रेमापोटी फार गोष्टी काढून घेतल्या जातात. घास भरवला की पाच मिनिटांत जेवण उरकतं. हातात वाटी दिली तर चाळीस मिनिटं लागतात आणि चादरीवर वरण सांडतं. भरवणारी माणसं प्रेमळ दिसतात. महिन्याभरात मात्र त्या हाताला वाटी धरता येईनाशी होते.

१९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी पुढची यादी केली. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे, अशा आठ गोष्टी. आणि गंमत बघा, पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम आणि धुणं या तीन गोष्टी त्यांनी हिशोबातून वगळल्या. बाईला आठपैकी गुण, पुरुषाला पाचपैकी! आम्ही ही यादी घरी वाचून दाखवली तेव्हा सौ. म्हणाल्या, "तुमची परीक्षा अमेरिकेतसुद्धा सोपीच." आम्हाला चहापलीकडे काही येत नाही. हे अपंगत्व आहे का? या घरात, त्या असेपर्यंत, नाही. त्या चार दिवस माहेरी गेल्या तर आहे. आमच्या शरीरात तर काहीच बदललेलं नसतं. म्हणजे परावलंबन हा एकट्या शरीराचा गुण नाही, शरीर आणि घर यांच्यामधला संबंध आहे. म्हणून उंबरा, दिव्याचं बटण, संडासातला दांडा याही मूल्यमापनाच्या गोष्टी. या परदेशी याद्यांत जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उठणं नाही, उकिडवं बसायचा संडास नाही. आपल्याकडे खेड्यातल्या आजोबांचं स्वातंत्र्य कित्येकदा त्या एका उठण्यावर अवलंबून असतं. प्रश्न आपण घालून घ्यावेत. परवानगी कोणाची लागत नाही.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांचंही तसंच. कागद वाचा, वाक्य लिहा, शंभरातून सात सात वजा करा. आमची आई चौथी शिकलेली होती म्हणून तिचं भागलं असतं. तिची थोरली बहीण शाळेतच गेली नव्हती. ती नापास झाली तर निकाल कोणाचा लागला, मेंदूचा की शाळेचा? हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत नवी चाचणी बेतली गेली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. वाचण्या-लिहिण्याच्या प्रश्नांऐवजी त्या माणसांच्या जगातले प्रश्न घातले. अंधाऱ्या खोलीत दिवा नेण्याचाच हा प्रकार.

चालण्याची परीक्षा मात्र कुठेही चालते. खुर्चीवरून उठा, ३ मीटर जा, वळा, या, बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. सेकंदांइतकंच वळण बघा. म्हातारी माणसं पुष्कळदा वळताना पडतात. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. पाठीचे व्रण होऊ नयेत म्हणून काय करावं हे १९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. स्पिरिट, पावडर, मलमं यांपेक्षा वेळच्या वेळी, साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं उपयोगी. तरी आपण अजून लाल झालेली जागा चोळतो. चोळू नका, खालची कातडी आणखी दुखावते.

आईकडे परत येतो. त्या रात्री नवं औषध एकच मिळालं, वेदनाशामक, आणि तेही 'लागल्यास' नव्हे तर ठरलेल्या वेळी. बाकी सगळं शुश्रूषेतलं. चष्मा आला, मशीन आलं, घड्याळ समोरच्या भिंतीवर लागलं. रात्री मोठा दिवा बंद, दिवसा खिडकी उघडी. पाण्याचा पेला तासातासाला. दुसऱ्या सकाळी दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं. हा काही एका सिस्टरचा चमत्कार नव्हता. १९९९ साली इनूये यांच्याच गटाने येल इथल्या इस्पितळात सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर नेमक्या याच गोष्टी करून पाहिल्या होत्या: चष्मा, कान, पाणी, झोप, चालणं, बोलत राहणं. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना डिलीरियम झाला, या पद्धतीत ९.९ टक्के. पण तो मुख्यतः टाळण्याचा उपाय आहे. एकदा झाल्यावर एवढा उपयोग दिसला नाही. आई चार दिवसांत पूर्ववत झाली, हे आमचं नशीबही. एका सिस्टरच्या वाट्याला तीस खाटा आल्या तर ओटीपोटावर हात ठेवायला त्यांना वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न तिथून निघताना आमच्या डोक्यात होता. अजून आहे.

घरी जायच्या आदल्या दिवशी सिस्टरनी आईला एकटीला विचारलं, पहाटे न्हाणीघरात कशाला गेला होतात? आईने जे सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. रात्री उठावं लागलं की सूनबाईची झोपमोड होते, म्हणून ती कित्येक महिने दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हती. पहाटे तोंड इतकं कोरडं पडायचं की चूळ भरायला जायची. दिवा लावायची नाही, उजेड पडतो म्हणून. उभी राहिली, चक्कर आली, पडली.

आम्ही शेजारच्या खोलीत होतो. इतके महिने. तक्रार नव्हती.

मग घरी खाटेशेजारी कमोडची खुर्ची आली, पायाजवळ छोटा दिवा, उशाशी तांब्या-भांडं. आई त्यानंतर सहा वर्षं होती. शब्दकोडं शेवटपर्यंत सोडवायची. आडवे शब्द ती, उभे आम्ही.

अलीकडे आम्ही आमच्यासाठी एक कार्ड करून फ्रिजवर लावलंय. 'पडायच्या आदल्या दिवशी कसे होते?' असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून. सकाळी ४० मिनिटं चालतो. डावा कान मंद. रात्री दोनदा उठतो. रोजचं तापमान ९७.२. गोळ्या स्वतः आठवणीने घेतो. जिना कठडा न धरता चढतो. तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त लिहून झालं की घरच्या माणसाला वाचायला द्या. आमच्या कार्डावर 'स्वतः आठवणीने' खोडून 'तीनदा सांगितल्यावर' असं दुसऱ्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि जिन्यापुढे कंसात भर घातली आहे: 'कोणी बघत असेल तर.'

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने बोलावं, डावा कान कोणता ते तुम्हाला कळलंच आहे.